स्वस्तातला होम थिएटर रिसिव्हर नेमकं करतो काय, आणि आपल्या हॉलला तो पुरतो का

22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचाच्या वरच्या टीव्हीवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला आणि मग दिवाळीत आपल्याकडे ओळखीपाळखीत कितीतरी जणांनी जुना टीव्ही काढून 55 इंची लावला. चित्र एकदम भारी. आणि आठ दिवसांत तक्रार सगळ्यांची एकच, की बोललेलं नीट ऐकू येत नाही राव, आवाज वाढवला तर मारामारीच्या सीनला शेजारी उठतात आणि कमी केला तर हिरो काय बोलला ते कळत नाही.

यात टीव्ही खराब आहे असं काही नसतं. टीव्ही इतका पातळ झालाय की स्पीकर ठेवायला जागाच उरलेली नाही, म्हणून बारीक स्पीकर खालच्या बाजूला तोंड करून बसवलेले असतात, बऱ्याच टीव्हीत दोन्ही मिळून 20 वॅट. हिवाळ्यात तेवढ्यावर भागतं, पण एप्रिल-मे मध्ये भुसावळ-जळगावला पारा 45 च्या पुढे गेला की खिडकीतला कूलर दिवसभर चालू, आणि मोठा कूलर सहज 60 डेसिबलच्या आसपास आवाज करतो, म्हणजे माणूस समोर बसून बोलतो तेवढा. डेसिबल म्हणजे आवाज मोजायचं माप. तर बोलण्याएवढ्याच कूलरच्या आवाजातून टीव्हीतलं बोलणं ऐकायचंय, ते ऐकू येणार कसं.

मग माणूस जळगावच्या गोलाणी मार्केटला चक्कर मारतो, तिथे एक जण साउंडबार दाखवतो, दुसरा म्हणतो रिसिव्हर घ्या, तिसरा म्हणतो एवढ्या स्वस्तातला रिसिव्हर काही कामाचा नाही, घ्यायचा तर लाखाचा घ्या. माझं मत आधीच सांगतो. आपल्या घरातल्या साधारण 12 बाय 15 च्या हॉलला 25 ते 40 हजारांच्या घरातला सगळ्यात खालचा रिसिव्हर आरामात पुरतो, कमी पडतात ते स्पीकर आणि खोली, आणि लोकांचा पैसा नेमका उलट्या जागी जातो. का ते बघू.

रिसिव्हर म्हणजे काय

दिसायला जुन्या डेकएवढा काळा डबा. नाव रिसिव्हर पडलं कारण आत रेडिओ असतो, तो आता कोणी लावत नाही. त्याची खरी कामं तीन. सेट टॉप बॉक्स, फायर स्टिक, गेम, सगळ्यांच्या एचडीएमआय वायरी एका ठिकाणी घ्यायच्या आणि टीव्हीला एकच पाठवायची. दुसरं, आवाजाचा जो डिजिटल गठ्ठा येतो तो उलगडून कुठला आवाज कुठल्या स्पीकरला जाणार ते ठरवायचं. आणि तिसरं, त्या आवाजाला ताकद देऊन स्पीकर हलवायचे, म्हणजे अँप्लिफायर.

त्यात स्पीकर येत नाहीत, हे बऱ्याच जणांना घरी आल्यावर कळतं. स्पीकर वेगळे घ्यावे लागतात, कुठल्याही कंपनीचे चालतात. हा खर्च वाटतो पण यातच त्याचा सगळा फायदा आहे, त्यावर पुढे येतो.

5.1 चा हिशोब

चॅनल म्हणजे आवाजाची एक स्वतंत्र वाट. टीव्हीसमोर डावा, उजवा आणि मधला म्हणजे सेंटर, हे तीन, आणि बसणाऱ्याच्या बाजूला किंचित मागे दोन सराउंड, झाले पाच. तो पॉइंट एक म्हणजे सबवूफर, फक्त जाड आवाजाचा डबा, त्याला पूर्ण चॅनल धरत नाहीत कारण तो 120 हर्ट्झच्या खालचाच आवाज काढतो. हर्ट्झ म्हणजे आवाज किती जाड की बारीक ते मोजायचं माप, आकडा लहान तितका आवाज जाड. डॉल्बी डिजिटल, म्हणजे हे सगळे चॅनल एका डिजिटल गठ्ठ्यात बांधायची पद्धत, 1992 मध्ये थिएटरात आलं तेव्हापासून हीच मांडणी चालू आहे आणि आजही ओटीटीवर बहुतेक मोठे सिनेमे 5.1 मध्ये मिळतात.

यातला सेंटर लक्षात ठेवा. सिनेमातलं बोलणं जवळजवळ सगळं त्या एकट्या स्पीकरमधून येतं.

"भाऊ, कितला वॅटना शे?"

दुकानात पहिला प्रश्न हाच असतो, किती वॅटचा आहे, आणि सगळ्यात जास्त फसगत पण इथेच होते, म्हणून जरा सावकाश बघू.

यामाहाचा आरएक्स-व्ही385 घ्या, बजेट रिसिव्हर म्हटलं की हे नाव निघतंच. त्याच्या माहितीपत्रकात एकाच मशीनचे तीन आकडे आहेत, 70 वॅट, 100 वॅट आणि 135 वॅट. तिन्ही खरे. 70 आहे तो दोन चॅनल एकाच वेळी चालवून, 20 पासून 20 हजार हर्ट्झपर्यंतच्या सगळ्या आवाजात, आणि आवाज अगदी स्वच्छ असताना. 100 आहे तो एकच चॅनल चालवून आणि 1 हजार हर्ट्झचा एकच सूर वाजवून. आणि 135 पण एकाच चॅनलवर, पण आवाजात 10 टक्के डिस्टॉर्शन, म्हणजे फाटलेपणा, आला तरी चालेल असं धरून. 10 टक्के फाटलेला आवाज तुम्ही घरात ऐकणार नाही. खोक्यावर मात्र ठळक छापायला सगळ्याच कंपन्यांना मोठाच आकडा आवडतो.

एक चॅनल आणि पाच चॅनल यात फरक का पडतो, तर आत वीजपुरवठा करणारा ट्रान्सफॉर्मर एकच असतो. केळीच्या बागेत ठिबकचा एकच व्हॉल्व्ह उघडा ठेवला तर लांबच्या टोकापर्यंत प्रेशर भरपूर, आणि सगळे व्हॉल्व्ह एकदम उघडले तर मोटर तीच, पाणी तेवढंच, मग शेवटच्या झाडाला थेंब थेंब. पाचही चॅनल एकदम जोरात वाजले की तेच होतं. डब्याच्या मागच्या पाटीवर वीजवापर लिहिलेला असतो तो वाचा, बजेट रिसिव्हरला तो साधारण 250 ते 400 वॅट असतो. हा काही कमाल आकडा नसतो, पण 5 गुणिले 135 म्हणजे 675 वॅट सतत बाहेर पडणार नाहीत एवढं त्यावरून कळतं.

अमेरिकेत 1974 सालीच तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला की वॅट सांगायचे असतील तर किती ओहमवर, कुठपासून कुठपर्यंतच्या आवाजात आणि किती डिस्टॉर्शनवर ते पण सांगा. आपल्याकडे स्वस्त खोक्यांवर अजूनही पीएमपीओ लिहून हजारो वॅट छापतात, त्या पीएमपीओला मोजायचा ठरलेला नियमच नाही, तो आकडा वाचूच नका.

मग 70 वॅट कमी नाही का पडणार?

नाही, आणि हा भाग एकदा समजला की लाखाचा रिसिव्हर घ्यायची हौस आपोआप उतरते.

प्रत्येक स्पीकरवर सेन्सिटिव्हिटी लिहिलेली असते, म्हणजे 1 वॅट दिला तर 1 मीटरवर किती आवाज येतो. बाजारातले साधे स्पीकर 86 ते 90 डेसिबलचे असतात, आपण 88 धरू. तुम्ही दहा फुटांवर बसलात तर खोलीत तो साधारण 80 च्या आसपास उरतो. एका वॅटमध्ये 80 डेसिबल! टीव्ही आपण 65-70 ला बघतो, म्हणजे बोलणं चालू असताना रिसिव्हर एका वॅटचा दहावा भाग सुद्धा देत नसतो.

मग वॅट लागतात कुठे, तर दणक्याला. स्फोट होतो, ढोल वाजतो तेव्हा आवाज क्षणभर 20 डेसिबलने वर जातो, आणि 20 डेसिबल वर जायला 100 पट ताकद लागते. म्हणजे वॅटच्या दहाव्या भागाचे शंभर पटीने झाले 10 वॅट. थोडा मोठ्याने सिनेमा लावला, 75 ला, तर दणक्याला तीसेक वॅट. 70 च्या आतच आहे सगळं. आणि जाड आवाज, जो सगळ्यात जास्त ताकद खातो, तो सबवूफरकडे पाठवला तर सबवूफरमध्ये त्याचा स्वतःचा अँप्लिफायर असतो, रिसिव्हरवरचा भार अजून कमी.

उलट बाजूने बघा. 70 वॅटच्या जागी दुप्पट, 140 वॅटचा आणला तर आवाज वाढतो फक्त 3 डेसिबल, नीट लक्ष दिलं तर कळेल एवढाच. तेच स्पीकर 88 च्या ऐवजी 91 डेसिबलचा घेतला तर तेवढाच फायदा, रिसिव्हर न बदलता.

एक सांभाळायचं, ओहम. ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप, 8 ओहमचा हलका, 4 ओहमचा जड. बजेट रिसिव्हर 6 ते 8 ओहमच्या स्पीकरसाठी असतात. गच्चीवर किंवा ओट्यावर पण गाणी पाहिजेत म्हणून एकाच टर्मिनलला 8 ओहमचे दोन डबे जोडतात लोक, ते होतात 4 ओहम, मशीन तापतं आणि प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद पडतं. मशीन खराब आहे असं म्हणून दुकानात घेऊन जातात. वायर काढली की नीट चालतं.

व्हॉल्यूमला मायनस का दिसतो

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. चांगला मोठा आवाज केला तरी मायनस 25 दाखवतो, म्हणजे मशीन कमजोर आहे का? नाही. इथे 0 म्हणजे थिएटरची पातळी, जिथे एकेका स्पीकरचा दणका 105 डेसिबलपर्यंत जातो. त्याच्या किती खाली आपण आहोत ते मायनस सांगतो. मायनस 20 ला दणका 85 पर्यंत. घरात बहुतेक लोक मायनस 35 ते मायनस 20 मध्ये राहतात आणि ते बरोबरच आहे. अर्थात हा हिशोब माइकने सेटिंग केल्यावरच खरा ठरतो. बऱ्याच मॉडेलमध्ये सेटिंगमधून मायनस काढून साधे आकडे पण करता येतात, घरच्यांचा गोंधळ होत असेल तर करून टाका.

साउंडबार घेतला तर काय बिघडलं?

काहीच नाही, खरंच. भाड्याचं घर असेल, वायरी नको असतील, घरात लहान पोरं असतील तर चांगला साउंडबार घ्या आणि सुखाने बघा.

फरक पुढच्या काळात पडतो. साउंडबारमध्ये सगळं एका डब्यात, एक भाग गेला की बऱ्याचदा पूर्ण सेट बाजूला. रिसिव्हरच्या सेटमध्ये स्पीकर वेगळे, आणि चांगला स्पीकर वीस वीस वर्षं चालतो, त्यात जुनं होण्यासारखं काही नसतं. रिसिव्हर मात्र जुना होतो कारण एचडीएमआय बदलत राहतं. म्हणून तर मी म्हणतो की जी वस्तू जुनी होणार ती स्वस्तातली घ्या आणि जी टिकणार तिच्यात पैसा घाला. एकूण 75 हजार असतील तर रिसिव्हरला 25-30 च्या वर जाऊ नका, उरलेल्यात आधी सेंटर आणि पुढचे दोन चांगले घ्या, सबवूफर त्यानंतर, आणि मागचे दोन सराउंड पुढच्या वर्षी घेतले तरी चालतात, रिसिव्हरला फक्त सांगायचं की मागचे नाहीत, तो त्यांचा आवाज पुढच्यांत वाटून देतो.

बोलणं ऐकू यावं म्हणून

मुळात आपण निघालो होतो ते यासाठी.

सेंटर स्पीकर बहुतेकांच्या शोकेसमध्ये टीव्हीखालच्या कप्प्यात आत सरकवलेला असतो. तो बाहेर काढा, कप्प्याच्या कडेपर्यंत, आणि पुढून रबराचा तुकडा ठेवून तोंड थोडं वर करा, बसणाऱ्याच्या कानाकडे. कप्प्याच्या आत राहिला की बोलणं डब्यातून आल्यावाणी घुमतं. फुकटातली सुधारणा आहे ही आणि फरक लगेच कळतो.

मग खोली. आपल्याकडे नवीन घरं म्हणजे खाली टाइल्स नाहीतर शहाबादी, भिंतींना गुळगुळीत प्लास्टर, वर स्लॅब, सगळं टणक. हॉलच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा, मागे टर्रर्र असा आवाज रेंगाळला तर समजा की प्रत्येक शब्दाच्या मागे तीच शेपूट लागतेय आणि पुढचा शब्द त्यात बुडतोय. लाखाचा रिसिव्हर ते थांबवू शकत नाही. सोफ्याच्या पुढे जाड सतरंजी किंवा गालिचा, खिडक्यांना जाड पडदे, मागच्या भिंतीला पुस्तकांचा रॅक, एका कोपऱ्यात गाद्या-गोधड्यांची घडवंची असली तरी उत्तम, मऊ आणि जाड वस्तू आवाज पितात. पत्र्याच्या खोलीत पावसाळ्यात काय करणार, तिथे इलाज नाही, पाऊस थांबू द्यायचा.

रिसिव्हरसोबत वायरवाला एक बारका माइक येतो, तो खोक्यात तसाच पडलेला असतो बऱ्याच घरांत. यामाहाच्या सिस्टीमला वायपीएओ म्हणतात, डेनॉनच्या ऑडिसी, काम तेच. माइक सोफ्यावर नेहमी बसता तिथे, कानाच्या उंचीवर ठेवायचा, उशीत रुतवायचा नाही, कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर लावला तर बरं. कूलर बंद, पंखा बंद, पोरं बाहेर. मग रिसिव्हर एकेका स्पीकरमधून चिर्रर्र असा आवाज सोडतो आणि कुठला स्पीकर किती लांब, किती मोठा वाजतो, खोली कुठला सूर फुगवतेय ते मोजून दुरुस्त करतो. नंतर आकडे बघाल तर सबवूफर आहे त्यापेक्षा लांब दाखवेल, 10 फुटांवर असून 14 फूट, तो आकडा बदलू नका, सबवूफरच्या आतल्या सर्किटमुळे आवाज थोडा उशिरा निघतो तो उशीर त्याने धरलेला असतो.

मात्र एक आकडा हाताने बदला. सेंटरची पातळी 2 ते 3 डेसिबलने वाढवा, कारण मोजणी कूलर बंद ठेवून झाली आणि बघायचंय कूलर चालू असताना. स्पीकरचा साइज स्मॉल ठेवा आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबवूफरला जातो ती हद्द, 80 हर्ट्झला. रात्री सगळे झोपलेले असताना नाइट मोड किंवा डीआरसी चालू करा, तो दणका दाबतो आणि हळू आवाज वर उचलतो, शेजारी उठत नाहीत आणि बोलणं पण ऐकू येतं.

जोडणी: कुठली वायर कुठे

टीव्हीच्या मागे एका एचडीएमआय पोर्टवर बारीक अक्षरात एआरसी लिहिलेलं असतं. 2009 च्या एचडीएमआय 1.4 पासून ही सोय आली, त्या एकाच वायरमधून चित्र टीव्हीला जातं आणि टीव्हीतल्या ॲपचा आवाज उलटा रिसिव्हरला येतो. ती वायर रिसिव्हरच्या आउट लिहिलेल्या पोर्टला लावायची, आणि दोन्हीकडे सीईसी चालू करायचं म्हणजे टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो. सीईसीला प्रत्येक कंपनीने वेगळं नाव ठेवलंय, सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीमध्ये सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएमवर, म्हणजे टीव्हीनेच आधी उलगडलेल्या आवाजावर, असेल तर साध्या एआरसीवरून फक्त दोन चॅनल येतात, पाच स्पीकर लावून मागचे मुके. ते पास थ्रू, ऑटो किंवा बिटस्ट्रीम करा. ऑप्टिकल वायरने पण 5.1 मिळतं पण ओटीटीवाले जे डॉल्बी डिजिटल प्लस पाठवतात ते त्यातून जात नाही, टीव्हीला ते साध्या डॉल्बीत बदलून द्यावं लागतं, आणि टीव्हीच्या रिमोटचं व्हॉल्यूम त्या वायरमधून चालत नाही. एआरसी असेल तर एआरसीच वापरा.

युट्यूबवरची अहिराणी गाणी, जुने मराठी सिनेमे, हे बहुतेक दोनच चॅनलचे असतात. रिसिव्हरमध्ये दोनाचे पाच करायचा मोड असतो, सिनेमाला तो लावा म्हणजे बोलणं सेंटरला येतं, गाण्यांना मात्र साधा स्टिरिओच ठेवा, माझ्या कानाला तरी तोच चांगला लागतो.

स्पीकरची वायर महागडी लागत नाही. विजेच्या दुकानात मीटरवर मिळणारी 1.5 स्क्वेअर एमएमची फ्लेक्झिबल तांब्याची वायर घ्या, घरातल्या अंतराला भरपूर झाली. टोकाचं प्लास्टिक अर्धा इंच सोला, तारा बोटांनी पिळून एकजीव करा, लाल टर्मिनलला एक आणि काळ्याला दुसरी, आणि घट्ट केल्यावर मोबाइलचा टॉर्च मारून बघा की एखादी केसाएवढी तार सुटून शेजारच्या टर्मिनलला चिकटलेली नाही ना. तेवढ्या एका तारेने शॉर्ट होतं. स्पीकरच्या टोकाला पण लालला लालच वायर गेली पाहिजे, उलट लागली तर जाड आवाज गायब होतो आणि कारण सापडत नाही.

ॲटमॉस नाही म्हणजे आत्ताच जुना झाला ना?

डॉल्बी ॲटमॉस 2012 मध्ये आलं, त्यात डोक्यावरून पण आवाज येतो. त्यासाठी घरात कमीत कमी सात चॅनलचा रिसिव्हर आणि छताला दोन स्पीकर पाहिजेत. 5.1 च्या बजेट रिसिव्हरमध्ये ते नाही. पण ओटीटीवर ॲटमॉसचा सिनेमा लावला तर तो बंद पडत नाही, तोच आवाज 5.1 मध्ये उलगडतो, वरचा आवाज बाकीच्या स्पीकरमध्ये मिसळून येतो, काही गाळलं जात नाही. छताकडे तोंड करून आवाज आपटवणारे स्पीकर विकतात, त्यांना सपाट छत लागतं, साधारण साडेसात ते चौदा फुटांवर, उतरत्या पत्र्याला ते जमत नाही.

टीव्हीवर ॲटमॉसचं चिन्ह असतं त्याचा अर्थ एवढाच की टीव्हीला ते वाचता येतं. खाली तोंड केलेल्या दोन बारक्या स्पीकरमधून डोक्यावरचं हेलिकॉप्टर येणार नाही. ॲटमॉसच्या सात कामचलाऊ स्पीकरपेक्षा पाच चांगले स्पीकर मी कधीही घेईन.

गेमवाल्यांसाठी एक ओळ: नव्या कन्सोलचं 120 हर्ट्झ चित्र, म्हणजे सेकंदाला 120 वेळा बदलणारं, बऱ्याच बजेट रिसिव्हरमधून जात नाही, तर कन्सोल थेट टीव्हीला लावा आणि आवाज एआरसीने आणा, प्रश्न मिटला. चार वर्षांनी टीव्ही 8के झाला तरी हाच मार्ग.

एक कमतरता मात्र खरी आहे. बजेट मॉडेलमध्ये सबवूफर सोडून प्री-आउट नसतात, म्हणजे पुढे वेगळा मोठा अँप्लिफायर जोडायची वाट बंद. मोठा बंगला, 20 बाय 25 चा हॉल असेल तर तेवढ्यासाठी वरचं मॉडेल बघा.

खान्देशातलं ऊन, व्होल्टेज आणि वीज

अँप्लिफायरला मिळालेल्या विजेतला मोठा वाटा उष्णता होऊन बाहेर पडतो, म्हणूनच डब्याला वर एवढ्या फटी असतात. काही मॅन्युअलमध्ये चालवायचं तापमान 35 अंशापर्यंतच दिलेलं असतं, आणि आपल्याकडे मे मध्ये दुपारी घरातच त्याच्या वर असतं. म्हणून बंद कप्प्यात ठेवू नका, वर अर्धा फूट तरी मोकळं सोडा. वर सेट टॉप बॉक्स ठेवायचा नाही आणि विणलेला रुमाल तर अजिबात नाही, आईने कितीही हौसेने विणलेला असला तरी तो टीव्हीच्या टेबलावर घाला. कप्पा मोकळा करणं शक्यच नसेल तर मागे कॉम्प्युटरचा छोटा पंखा लावा. कूलरचा झोत थेट रिसिव्हरवर नको, ओल आणि धूळ दोन्ही आत जातात, आणि महिन्या दोन महिन्यांनी प्लग काढून मऊ ब्रशने फटी साफ करा.

खेड्यावर शेतीच्या मोटरी चालू झाल्या की व्होल्टेज खाली जातं, मशीन टक टक करून बंद पडतं. तिथे स्टॅबिलायझर हवाच. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असू द्या, स्क्वेअर वेव्हवर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि तापतो.

स्पीकरमधून सतत घूंऽऽ येत असेल तर छत्रीची केबल सेट टॉप बॉक्समधून काढून बघा, आवाज थांबला तर दोष अर्थिंगचा आहे, वायरमनला दाखवा. आणि मृगाच्या आधी जे वादळी ढग येतात, विजा कडाडतात, तेव्हा नुसता प्लग काढून भागत नाही, छत्रीची केबल पण काढा. गच्चीवरून ती केबल बॉक्समध्ये, तिथून एचडीएमआयने रिसिव्हरमध्ये, त्या वाटेने पण झटका येतो.

जुना किंवा बाहेरून आलेला घ्यावा का

जुना घ्यायला काहीच हरकत नाही, मी तर म्हणेन स्पीकर जुनेच बघा, रिसिव्हर मात्र नीट तपासून घ्या. आधी मागची पाटी वाचा. 230 व्होल्ट 50 हर्ट्झ असेल तरच पुढची बोलणी. अमेरिकेतून आलेला 120 व्होल्टचा असतो, आपल्या सॉकेटला लावला की जळतो, आणि स्टेप-डाउन लावून चालवला तरी 60 हर्ट्झसाठीच बनवलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या 50 वर जास्त तापतो. दुबईवरून आलेला विजेला चालतो पण वॉरंटीचं आधी विचारून घ्या, इथे बहुतेक वेळा ती मिळत नाही, आणि जवळचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते तर नवीन घेताना पण विचारायचं, नाशिक किंवा पुण्याला पाठवावा लागणार असेल तर खोकं आणि थर्माकोल फेकू नका.

मग चालू करा. दोन-चार सेकंदांत आत रिलेचा, म्हणजे आतल्या स्विचचा, एक टक आवाज आला पाहिजे. सोबत एक स्पीकर आणि थोडी वायर घेऊन जा, पाचही टर्मिनलला आळीपाळीने तोच स्पीकर लावून ऐका, आणि प्रत्येक एचडीएमआय पोर्टला फायर स्टिक लावून चित्र येतं का बघा, सगळ्यात आधी जातात ते हेच पोर्ट. अर्धा तास वाजू द्या, तापल्यावरच दोष बाहेर येतो. रिमोट आणि तो बारका माइक मागून घ्या, दुसऱ्या कंपनीचा माइक लावला तर मोजणी चुकते, आणि माइक नसेल तर तेवढे पैसे कमी करायला सांगा.